अगाथा ख्रिस्ती वाचून संपली? मग तिच्याच काळातले हे विसरलेले लेखक ८० वर्षांनी परत कसे आले, ते वाचा

नाताळच्या आदल्या दिवसाची गोष्ट. लंडनहून सुटलेली एक ट्रेन बर्फात अडकलीये. पुढे जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. शेवटी कंटाळून काही प्रवासी खाली उतरतात आणि जवळचं स्टेशन शोधायला बर्फ तुडवत निघतात. वाट चुकते. तेवढ्यात समोर एक घर दिसतं. दाराला कुलूप नाही. आत शेकोटी पेटलेली, चहाची सगळी तयारी मांडलेली, किटलीत पाणी उकळतंय.

फक्त घरात माणूस एकही नाही.

ही सुरुवात आहे 'मिस्ट्री इन व्हाइट' या कादंबरीची. लेखक जे. जेफरसन फार्जन, साल १९३७.

फार्जनचं नाव ऐकलंय का? बहुतेक नसेलच. त्यात वाईट वाटून घेऊ नका, कारण खुद्द ब्रिटनमध्येसुद्धा हा माणूस लोकांच्या पार विस्मरणात गेला होता. साठहून जास्त पुस्तकं लिहिली, त्याच्या एका नाटकावर हिचकॉकने १९३२ साली 'नंबर सेव्हन्टीन' हा सिनेमा काढला, आणि १९५५ साली तो वारल्यानंतर हळूहळू त्याची पुस्तकं दुकानांतून गायब झाली.

मग आलं २०१४. 'ब्रिटिश लायब्ररी'ने 'मिस्ट्री इन व्हाइट' नव्याने छापली आणि त्या नाताळात ती ब्रिटनमध्ये अक्षरशः हातोहात खपली. लेखकाला जाऊन जवळपास साठ वर्षं झालेली आणि त्याचं पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत.

आता गंमत बघा. १९३७ ची गोष्ट तीच होती, खून तोच होता, खुनीही तोच. मग मधली इतकी वर्षं हे पुस्तक कुठे होतं? आणि त्याच्यासारखी अजून किती आहेत?

हा प्रश्न मला पडला त्याचं कारण साधं आहे. कॉलेजला असताना मी अगाथा ख्रिस्ती वाचायला लागले आणि त्यात पार अडकले. तिच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या आहेत ६६. कधीतरी त्या संपणारच. संपत आल्या तसं 'ख्रिस्तीसारखं अजून काय वाचू' असं जिथे जिथे शोधलं तिथे उत्तर एकच, शेरलॉक होम्स. किंवा परत ख्रिस्ती. जणू त्या काळात इंग्लंडमध्ये रहस्यकथा लिहिणारी दोनच माणसं होती.

प्रत्यक्षात तिथे लेखकांची रांग लागली होती.

आधी तो काळ काय होता ते समजून घेऊ

पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं आणि दुसरं १९३९ ला सुरू झालं. मधल्या वीस-एकवीस वर्षांना ब्रिटिश डिटेक्टिव्ह कादंबरीचं सुवर्णयुग म्हणतात. खून होतो, संशयित मोजकेच असतात, सगळे पुरावे वाचकासमोर ठेवले जातात आणि शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो. लेखक विरुद्ध वाचक असा तो सामनाच. सामना म्हटला की नियम आले, तर तेही होते. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ साली दहा नियमांची यादीच काढली.

१९३० साली लंडनमध्ये या लेखकांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. पहिले अध्यक्ष होते जी. के. चेस्टरटन, म्हणजे फादर ब्राउनच्या कथा लिहिणारे. ख्रिस्ती होती, डोरोथी सेयर्स होती. नवीन सदस्याला शपथ घ्यावी लागायची की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने केस सोडवणार नाही, आणि वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही. या सोहळ्यात 'एरिक' नावाची एक कवटी मांडलेली असायची. आहे की नाही भारी?

आता त्या पहिल्या पिढीची नावं काढली, तर आज आपल्याला त्यातली तीन-चारच ओळखीची वाटतात. बाकीचे गेले कुठे?

ते विसरले का गेले?

सोपं उत्तर असं की चांगलं टिकतं आणि वाईट विसरलं जातं. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्या भागात चार वेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण, लायब्ररी. त्या काळी नवी कादंबरी जाड पुठ्ठ्यात यायची आणि तिची किंमत साडेसात शिलिंग असायची. सामान्य माणसाला हे परवडायचं नाही. त्यामुळे लोक पुस्तक विकत घेत नसत, वर्गणी भरून लायब्ररीतून आणत. 'बूट्स' या औषधांच्या दुकानांच्या साखळीची स्वतःची लायब्ररी होती, यावरून कल्पना करा. परिणाम काय झाला? पुस्तक हजारोंनी वाचलं, पण घरच्या कपाटात ते कोणाच्याच नव्हतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचं असंच झालं की. वाचनालयातून आणून पिढ्याच्या पिढ्या वाचत होत्या, पण आज त्यातलं एखादं पुस्तक शोधायला निघा म्हणजे कळेल. १९३५ ला पेंग्विनने स्वस्त पेपरबॅक आणली. पहिल्या दहा पुस्तकांत ख्रिस्ती आणि सेयर्स दोघी होत्या. ज्यांची पुस्तकं पेपरबॅकमध्ये आली ती घराघरांत पोचली. ज्यांची आली नाहीत ती लायब्ररीच्या भरवशावर राहिली, आणि 'बूट्स'ची लायब्ररी १९६६ साली बंद झाली.

दुसरं कारण, युद्ध. १९४० पासून ब्रिटनमध्ये कागदाचं रेशनिंग सुरू झालं. कागदच नाही म्हटल्यावर जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती कोण काढणार? त्यातच २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनमधला पॅटरनॉस्टर रो हा प्रकाशकांचा भाग जळाला. लाखो पुस्तकांची राख झाली.

तिसरं कारण, बदललेली आवड. १९४४ साली अमेरिकन लेखक रेमंड चँडलरने एका लेखात या इंग्लिश पद्धतीच्या खुनांची यथेच्छ खिल्ली उडवली. खरे खून असे चहापानाच्या वेळी होत नाहीत, असा त्याचा एकूण सूर. १९५३ ला जेम्स बाँड आला. पुढे १९७२ मध्ये ज्युलियन सिमन्स या समीक्षकाने रहस्यकथेचा इतिहास लिहिताना काही जुन्या लेखकांवर 'रटाळ' या अर्थाचा शिक्का मारला. शिक्का एकदा बसला की पुस्तक उघडून कोण बघतंय?

चौथं कारण, टोपणनावं. जॉन रोड आणि माइल्स बर्टन हे दोन लेखक नव्हते, एकच माणूस होता. तोफखान्यातला माजी मेजर सेसिल स्ट्रीट. दोन्ही नावांनी मिळून त्याने शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. अशा वेळी लेखक गेल्यावर त्याचे वारस शोधायचे कसे आणि छापायची परवानगी मागायची कोणाकडे? एवढी यातायात कुठलाही प्रकाशक उगाच करत नाही.

याउलट ख्रिस्तीचं बघा. ती सत्तरच्या दशकापर्यंत लिहीत होती. तिचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ ला सुरू झालं ते अजून चालू आहे, फक्त कोविडमध्ये थांबलं होतं. सिनेमे आले, टीव्ही मालिका आल्या, पुस्तकं कायम छापली जात राहिली. ख्रिस्ती ग्रेट होतीच, यात वादच नाही. पण ती सतत दिसतही राहिली. बाकीचे दिसेनासे झाले.

मग त्यांना परत आणलं कोणी?

इथे येते ब्रिटिश लायब्ररी. ब्रिटनमध्ये कायदा असा आहे की देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत या लायब्ररीला द्यावीच लागते. म्हणजे बाजारातून गायब झालेली ही पुस्तकं लायब्ररीच्या कपाटात मात्र सुखरूप होती. लायब्ररीच्या प्रकाशन विभागाने त्यातली निवडक पुस्तकं 'क्राइम क्लासिक्स' या मालिकेत छापायला सुरुवात केली. मुखपृष्ठावर त्या काळच्या रेल्वे आणि पर्यटनाच्या पोस्टर्सची सुंदर चित्रं. आज या मालिकेत शंभराहून जास्त पुस्तकं आहेत.

मालिकेचे सल्लागार आहेत मार्टिन एडवर्ड्स. पेशाने वकील, स्वतः रहस्यकथाकार आणि २०१५ पासून त्याच डिटेक्शन क्लबचे अध्यक्ष. जवळपास प्रत्येक पुस्तकाला त्यांची प्रस्तावना असते. लेखक कोण होता, काय करायचा, हे पुस्तक कुठून आलं, ते सगळं त्यात सापडतं.

बरं, मग सुरुवात कोणापासून करायची?

तुम्हाला काय आवडतं त्यावर ते ठरेल.

*डोक्याला खुराक हवा असेल तर अँथनी बर्कली.* डिटेक्शन क्लब सुरू करण्यात याचाच पुढाकार होता. त्याच्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' (१९२९) मध्ये विषारी चॉकलेट खाऊन एक बाई मरते. पोलीस हात टेकतात. मग गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाचे सहा सदस्य एकेक करून उलगडा मांडतात. सहा माणसं, सहा वेगळी उत्तरं, आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं की बास, हेच खरं. पुढे १९७९ मध्ये क्रिस्टियाना ब्रँड या लेखिकेने सातवं उत्तर लिहिलं, आणि २०१६ च्या नव्या आवृत्तीत एडवर्ड्स यांनी आठवं!

*'दृश्यम' आवडला असेल तर आर. ऑस्टिन फ्रीमन.* गुन्हा कोणी केला ते आपल्याला आधीच माहीत असतं, प्रश्न एवढाच की तो पकडला जाणार कसा. ही पद्धत या डॉक्टर लेखकाने १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या कथासंग्रहात वापरली. त्याचा डिटेक्टिव्ह थॉर्नडाइक हा वैद्यक आणि कायदा दोन्ही जाणणारा, सगळं प्रयोगशाळेत तपासून बघणारा. १९०७ च्या 'द रेड थंब मार्क'मध्ये प्रश्न आहे की बोटाचा ठसा खोटा बनवता येतो का? बोटाच्या ठशांवर पोलीस नुकतेच विश्वास ठेवायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. अँथनी बर्कलीनेही फ्रान्सिस आइल्स या नावाने १९३१ मध्ये 'मॅलिस अफोरथॉट' लिहिली. तिच्यात तर एक डॉक्टर बायकोचा खून करणार, हे आपल्याला पहिल्याच पानावर कळतं.

*रेल्वेचं टाइमटेबल पाठ असणाऱ्यांसाठी फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स.* हा आयर्लंडमधला रेल्वे इंजिनिअर. आजारपणात वेळ जावा म्हणून लिहायला घेतलं आणि १९२० साली 'द कास्क' आली. लंडनच्या गोदीत जहाजातून माल उतरवताना एक पिंप निसटतं, त्याची फळी फुटते आणि आत दिसतात सोन्याची नाणी आणि माणसाचा हात. 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' असं म्हणणाऱ्या खुन्याचा बनाव तपशील जुळवत जुळवत फोडायचा, ही क्रॉफ्ट्सची खासियत. 'रटाळ' हा शिक्का बसलेल्यांत हाही होता. मला विचाराल तर सुरुवातीची ५० पानं कळ काढा, मग पुस्तक खाली ठेववत नाही.

*माणसांमध्ये रस असेल तर क्रिस्टियाना ब्रँड.* हिचा जन्म मलायातला, लहानपणाचा काही काळ भारतात गेलेला. दुकानात नोकरी करताना एका सहकारी बाईचा इतका राग यायचा की हिने तिचा कादंबरीत खून करून टाकला. तेच तिचं पहिलं पुस्तक, 'डेथ इन हाय हील्स' (१९४१). पण आधी वाचा 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४४). युद्धातलं लष्करी हॉस्पिटल, बाहेर बॉम्ब पडतायत आणि साध्या ऑपरेशनसाठी आणलेला एक पोस्टमन टेबलावरच मरतो. संशयित कोण? त्याला वाचवायला उभे असलेले डॉक्टर आणि नर्स. लहानपणी 'नॅनी मॅकफी' सिनेमा पाहिलाय? तो ज्या पुस्तकांवर आधारलाय ती पुस्तकंही ब्रँडचीच.

*गावचं वातावरण हवं असेल तर ई. सी. आर. लोरॅक.* खरं नाव एडिथ कॅरोलाइन रिव्हेट. 'लोरॅक' म्हणजे 'कॅरोल' उलटं लिहिलेलं. 'बॅट्स इन द बेल्फ्री' (१९३७) मधलं धुक्यातलं लंडन आणि 'फेल मर्डर' (१९४४) मधली उत्तर इंग्लंडची शेतं, दोन्ही डोळ्यांसमोर उभी राहतात. लोरॅक १९५८ मध्ये गेली तेव्हा 'टू-वे मर्डर' या कादंबरीचं हस्तलिखित तसंच पडून होतं. ते पहिल्यांदा छापून आलं २०२१ मध्ये. लेखिकेच्या मृत्यूनंतर ६३ वर्षांनी!

थोडं सावध करूनच ठेवते

विसरलेलं सगळंच सोनं नसतं. त्या काळातल्या कित्येक कादंबऱ्या खरंच कंटाळवाण्या आहेत. पात्रं पुठ्ठ्याची, आणि नोकर-चाकर फक्त किंचाळायला ठेवलेले. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे ज्यू, परदेशी माणसं आणि वसाहतींमधले लोक यांच्याबद्दलची भाषा. आपल्यालाही ती मध्येच टोचते. ख्रिस्तीसुद्धा त्यातून सुटलेली नाही. त्यामुळे जुनं आहे म्हणून डोक्यावर घेऊ नका, पण नाव माहीत नाही म्हणून सोडूनही देऊ नका.

आणि यात मुंबई कुठून आली?

डिटेक्शन क्लबच्या अध्यक्षांच्या यादीत एक नाव आहे एच. आर. एफ. कीटिंग. हे सुवर्णयुगानंतरचे. १९६४ मध्ये त्यांनी 'द परफेक्ट मर्डर' लिहिली आणि तिचा नायक होता मुंबई पोलिसांचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. साहेब लोकांपुढे बिचकणारा, वरिष्ठांची बोलणी खाणारा, पण चिकाटी न सोडणारा. गंमत म्हणजे हे लिहिताना कीटिंग यांनी मुंबई पाहिलेलीच नव्हती. ते पहिल्यांदा इथे आले ते जवळपास दहा वर्षांनी. या कादंबरीवर १९८८ मध्ये सिनेमा आला, त्यात घोटे साकारला नसीरुद्दीन शाहने. मराठी आडनावाचा डिटेक्टिव्ह ब्रिटनमध्ये बक्षिसं मिळवत होता आणि आपल्यापैकी किती जणांना ते माहीत आहे?

ही पुस्तकं मिळतील कुठे?

नव्या आवृत्त्या ऑनलाइन मिळतात, ई-बुक त्या मानाने स्वस्त पडतं. काही तर फुकट आणि कायदेशीर आहेत. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर 'द रेड थंब मार्क' आहे, ई. सी. बेंटलीची 'ट्रेन्ट्स लास्ट केस' (१९१३) आहे, आणि 'द रेड हाउस मिस्ट्री' (१९२२) सुद्धा. ही शेवटची लिहिलीये ए. ए. मिल्नने. हो, तोच, 'विनी द पूह'वाला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे. हिशोब करा. फ्रीमन १९४३ ला गेला, फार्जन १९५५ ला, क्रॉफ्ट्स १९५७ ला, लोरॅक १९५८ ला. म्हणजे त्यांनी हयातीत छापलेली पुस्तकं भारतात केव्हाच मोकळी झाली आहेत. (लोरॅकची २०२१ ची कादंबरी यात धरू नका. लेखक गेल्यावर छापलेल्या पुस्तकाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. नव्या आवृत्त्यांमधल्या प्रस्तावनाही मोकळ्या नाहीत.) ख्रिस्ती १९७६ ला गेली, त्यामुळे तिच्यासाठी आपल्याला २०३७ उजाडायची वाट बघावी लागेल.

याचा अर्थ असा, की बर्फात अडकलेली ती ट्रेन आणि उकळत्या पाण्याची ती किटली मराठीत आणायला आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. गरज आहे ती चांगल्या अनुवादकाची आणि थोडी हिंमत करणाऱ्या प्रकाशकाची.

तोपर्यंत एक करा. या शनिवार-रविवारी यातलं एखादं पुस्तक उघडा आणि आवडलं तर लेखकाच्या नावासकट कोणाला तरी सांगा. फार्जन साठ वर्षं विसरला गेला तो त्याचं नाव घेणारं कोणी उरलं नाही म्हणून. आता निदान तुम्हाला तरी ते माहीत झालंय.